किल्ट आणि थंडी

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातला पुरुषांचा लोकरी पोशाख, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारा, पुढे सपाट आणि मागे निऱ्या असलेला. तो घालून थंडीत ऊब कशी टिकवतात आणि पूर्वी कशी टिकवायचे त्याची ही नोंद. विषय किरकोळ वाटेल पण तसा नाहीये, कारण किल्ट घालायचे मोठे दिवस नेमके हिवाळ्यातच येतात, ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूज डे, ३१ डिसेंबरला होगमनी म्हणजे वर्षअखेरचा सण, २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाची बर्न्स नाइट, आणि हायलँड्समधल्याच ब्रेमार गावात १८९५ आणि १९८२ अशा दोन वेळा पारा उणे २७.२ अंश सेल्सियसपर्यंत उतरलाय.

जुनं रूप

आज दिसतो तो किल्ट म्हणजे मूळ पोशाखाचा फक्त खालचा अर्धा भाग, हे लक्षात घेतल्याशिवाय थंडीचा प्रश्न नीट कळत नाही. मूळ पोशाख म्हणजे एकच मोठं लोकरी कापड, साधारण दीड मीटर रुंद आणि चार-पाच मीटर लांब. तेव्हाचे माग अरुंद असल्यामुळे दोन पट्टे जोडून ते शिवलेलं असायचं. कमरेला निऱ्या घालून वर कमरपट्टा आवळायचा, खालचा भाग किल्टसारखा लोंबायचा आणि वरचा खांद्यावर, पाऊस-वारा असेल तर डोक्यावरूनही घ्यायचा. रात्री कमरपट्टा सोडला की तेच पांघरूण. आपल्याकडे धनगराची घोंगडी पावसात डोक्यावरून खोळ होते आणि रात्री अंथरूण-पांघरूण होते तसंच हे होतं. ह्या कमरपट्ट्याच्या पोशाखाचा पहिला बऱ्यापैकी स्पष्ट पुरावा १५९४ च्या सुमाराचा धरतात, आयर्लंडमध्ये लढायला गेलेल्या हेब्रिडीज बेटांवरच्या भाडोत्री सैनिकांच्या वर्णनातला, पण ते वर्णन लिहिलं गेलं नंतर, त्यामुळे वर्ष घट्ट धरू नये.

पाय मात्र उघडेच. जॉन एल्डर ह्या हायलँडी पाद्र्यानं १५४३ च्या सुमारास इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला लिहिलं की आम्ही उन्हाळा-हिवाळा अनवाणी आणि उघड्या पोटऱ्यांनी हिंडतो, पण फार कडक गारठा पडला तर हरणाच्या कातड्याचे, केस बाहेरच्या बाजूला ठेवलेले जोडे करतो. म्हणजे काटकपणाची बढाई मारणाराही अपवाद सांगून जातो, आणि तो अपवाद आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचा आहे. पुढे १६१८ मध्ये ब्रेमारच्या शिकारीला गेलेला इंग्रज कवी जॉन टेलर तर टार्टनचे म्हणजे रंगीत चौकडीच्या कापडाचे उबदार मोजे आणि ते वर धरून ठेवायला गवताचे किंवा पेंढ्याचे बंद बांधलेले सांगतो. घोड्यावर बसणारे आणि ऐपतदार लोक ट्रूज म्हणजे तंग टार्टनी विजार घालायचे, तिच्याबद्दल मात्र किल्टच्या चर्चेत फारच कमी लिहिलं जातं.

वरचा भाग कधी गेला

फक्त खालचा अर्धा भाग वेगळा कोणी केला ह्यावर भरपूर वाद आहे. एका बाजूचं म्हणणं असं की लँकाशरचा थॉमस रॉलिन्सन नावाचा क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाचा) कारखानदार १७२७ च्या सुमारास हायलँड्समधल्या ग्लेनगॅरीत लोखंडाची भट्टी चालवत होता, त्याच्या मजुरांना मोठं कापड कामात अडचणीचं व्हायचं म्हणून त्यानं ते कापून छोटं करवलं. ही गोष्ट आली एका पत्रातून, ते छापलं गेलं १७८५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळपास साठ वर्षांनी. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर ह्यांनी १९८३ मध्ये ती उचलून धरली आणि तेव्हापासून ती सगळीकडे ठोकून सांगितली जाते. दुसरी बाजू म्हणते खालचा भाग सुटा घालायची पद्धत आधीपासून अधूनमधून होतीच. रॉलिन्सननं पद्धत पसरवायला हातभार लावला असेल पण शोधली नसेल, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. त्यानंतर हायलँड्समधलं बंड मोडल्यावर ब्रिटिश सरकारचा १७४६ चा पोशाखबंदीचा कायदा आला, १ ऑगस्ट १७४७ पासून सैनिक सोडून बाकी पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख बंद, आणि १७८२ मध्ये बंदी उठली तोवर रोजच्या वापरातून मोठं कापड जवळपास गेलेलं होतं. ऊब देणारं पांघरूण अंगावरून उतरलं ते असं, आणि किल्ट थंडीत पुरत नाही ही तक्रार खरी इथून सुरू होते.

ओल्या कापडाचा वाद

एडमंड बर्ट हा इंग्रज अधिकारी १७३० च्या आसपास इन्व्हर्नेसला होता, त्याची पत्रं १७५४ मध्ये छापली गेली. तो लिहितो की कोरड्या थंड वाऱ्यात डोंगरावर रात्र काढायची वेळ आली तर हायलँडर कापड ओढ्यात भिजवतात, गोल गोल फिरून अंगाभोवती गुंडाळतात आणि टेकडीच्या आडोशाला झोपतात, अंगाच्या उबेनं त्यातून वाफ निघते, आणि ओलीमुळे कापड दाट होऊन वारा आत शिरत नाही असं ते म्हणतात.

ह्यावर दोन टोकाची मतं दिसतात. समर्थक लोकरीचा गुणधर्म पुढे करतात, लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा तंतूंच्या आत घेते आणि घेताना थोडी उष्णता बाहेर टाकते. हे शास्त्र बरोबर आहे पण इथे लावताना गडबड होते, कारण ती उष्णता कोरडी लोकर हवेतली वाफ शोषते तेव्हा मिळते, एकदाच आणि थोडा वेळ, आणि ओढ्यात चिंब बुडवलेल्या कापडात ती थंड पाण्यातच संपून जाणार. उलट पाणी वाळताना अंगातली उष्णता ओढून नेतं. मग फायदा काय तर वारा अडणं. तंतू फुगले की विणीतली भोकं बुजतात, बाहेरचा थर भिजलेला आणि आतले कोरडे किंवा दमट राहिले तर आतली हवा स्थिर राहते. कापड पिळून घेतलं असेल आणि अनेक वेढे असतील तर हे शक्य वाटतं, पण बर्ट स्वतः असा झोपलेला नव्हता, तो लोकांचं म्हणणं सांगतोय, त्यामुळे वाऱ्याच्या रात्री अडीअडचणीला करायची युक्ती एवढंच मानणं बरं, रोजची सवय नव्हे. आज कोणी प्रयोग म्हणून करायला जाऊ नये, अंगाचं तापमान घसरून जिवावर बेतू शकतं.

पलटणींचा अनुभव

सातवर्षीय युद्धात (१७५६-६३) ब्रिटिश सैन्याची फ्रेझर्स हायलँडर्स ही ७८ वी पलटण कॅनडात फ्रेंचांविरुद्ध होती. डेव्हिड स्टुअर्ट हा सेनाधिकारी १८२२ मध्ये एका जुन्या सैनिकाच्या हवाल्यानं सांगतो की कॅनडाच्या हवेला हा पोशाख चालणार नाही म्हणून तो बदलायचं घाटत होतं, सैनिकांनी जोरदार विरोध केला आणि पुढचे सहा हिवाळे ते विजारवाल्यांपेक्षा तब्येतीनं चांगले राहिले. पण स्टुअर्ट स्वतः हायलँडर, शिवाय ही आठवण कितीतरी वर्षांनंतरची. दुसरीकडे १७५९-६० च्या हिवाळ्यात क्वेबेकच्या उर्सुलाइन ह्या कॅथलिक संघाच्या नन्सनी ह्याच सैनिकांसाठी लांब लोकरी मोजे विणले, आणि मोजे उगाच कोणी विणत नाही. (ही पलटण १७६३ मध्ये मोडली, १८०३ मध्ये असईला मराठ्यांविरुद्ध लढलेली ७८ वी वेगळी, ती १७९३ मध्ये उभी राहिली, नंबरामुळे घोळ होतो.)

पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मात्र वाद उरला नाही. चिखलानं जड झालेला किल्ट रात्री गोठला की त्याची कड पायांना कापायची, निऱ्यांमध्ये उवा व्हायच्या. लढाईत किल्ट शेवटचा वापरला तो १९४० मध्ये फ्रान्समध्ये कॅमेरन हायलँडर्सच्या पहिल्या बटालियननं असं बहुतेक मानतात.

आजची पद्धत

ऊब ठरते कापडाच्या वजनावर. वजन मोजतात दुहेरी पन्ह्याच्या म्हणजे दुप्पट रुंद कापडाच्या एका यार्डाला किती औंस असं, आणि आठ यार्डी किल्टला दुहेरी पन्ह्याचं कापड लागतं चार यार्ड (ते मधून उभं कापून जोडलं की आठ होतं), म्हणजे १६ औंसाच्या कापडाचा किल्ट भरतो साधारण १.८ किलो, १३ औंसाचा दीड किलोच्या आसपास आणि १० औंसाचा १.१ किलो. थंडीला १६ औंस घ्यावं, भाड्याचे किल्ट बऱ्याचदा हलके असतात आणि पॉलिस्टर मिसळलेले तर वाऱ्यात उडतात. आठ यार्ड कापड कमरेभोवती बसवताना मागे निऱ्यांचे अनेक थर होतात, पुढे दोन पदर एकावर एक, आणि कंबर बेंबीच्या वर येते, त्यामुळे पाठ, कंबर, मांड्या ह्यांना विजारीपेक्षा जास्त ऊब मिळते असं घालणारे सांगतात ते खरं आहे.

कच्चा दुवा गुडघा. त्यावर मांस नाही, चरबी नाही, आणि मोज्याची वरची कड आणि किल्टची खालची कड ह्यांच्यामध्ये चार बोटं जागा उघडी राहते. जाड लोकरी मोजे घ्यावेत, आत एक पातळ जोडी घालावी, काहीजण वळवलेली कड उलगडून गुडघ्यावर ओढतात, रीतीला धरून नाही पण हरकत नाही. वरून ट्वीडचं म्हणजे जाड लोकरी कापडाचं जाकीट किंवा इन्व्हर्नेस केप, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा सैल कोट. आत काही घालायचं नाही ही प्रथा मुख्यतः पलटणीतून आलेली, आणि २०१० मध्ये स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीच्या प्रमुखांनीच ती पोरकट आणि अस्वच्छ म्हटली होती, त्यामुळे लोकरी चड्डी बिनधास्त घालावी. बसताना निऱ्या नीट खाली घेऊन बसावं म्हणजे गार दगड किंवा बाक थेट लागत नाही. चालत असेपर्यंत मांड्यांचे स्नायू ऊब देत राहतात, खरा त्रास उभं राहिलं की होतो. बॅगपाइपवाल्यांचे तर पायांपेक्षा हात आधी बधिर होतात, म्हणून ते बोटं उघडी ठेवणारे हातमोजे वापरतात.