गोकाक धबधबा : औद्योगिक इतिहास

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाक गावापासून सुमारे ६ किमी. अंतरावर घटप्रभा नदीवर असलेला धबधबा. उंची सुमारे ५२ मी. कड्याचा माथा घोड्याच्या नालेसारखा वळलेला. कलादगी गट या प्राचीन खडकांच्या समूहातील कठीण वालुकाश्माच्या थरांवरून नदी इथे एकदम दरीत कोसळते. सह्याद्रीत आंबोलीच्या परिसरात उगम पावणाऱ्या या नदीला आजरा-गडहिंग्लजकडून येणारी हिरण्यकेशीही गोकाकच्या वरच्या अंगाला मिळते. त्यामुळे कोल्हापूरच्या दक्षिण भागात पाऊस लागला की गोकाकला पाणी तांबडे होऊन येते.

कड्यावरच्या उत्तर चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिरावरून हे स्थान शतकानुशतके लोकांच्या वहिवाटीतले होते असे दिसते. मात्र पाण्याच्या जोराला काम लावले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८५ मध्ये ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि धबधब्याच्या माथ्याजवळ सूतगिरणी उभी राहिली. कंपनीच्या नावात ‘वॉटर पॉवर’ आधी आणि उत्पादन नंतर, यातच तिचा सगळा बेत आला आहे. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर आणि वाफेवर चालत. कोळसा लांबून आणावा लागे. गोकाकच्या आसपास काळ्या जमिनीत कापूस पिकत होता, त्याच सुमारास दक्षिण मराठा रेल्वे या भागात पोहोचत होती आणि इंधनाच्या जागी पडते पाणी होते. म्हणून गिरणीच पाण्यापाशी आली.

या पाण्यात किती बळ आहे, हे साध्या हिशेबाने कळते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी ५२ मी. खाली आले, तर त्यातून सुमारे ५१० किलोवॉट शक्ती मिळू शकते. घर्षण आणि यंत्रातील तूट वजा जाता चारशेच्या आसपास हाती लागते. त्यासाठी पाणी कड्यावरून मोकळे न सोडता लोखंडी नळांतून खालच्या टर्बाइनपर्यंत (पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या चक्रापर्यंत) नेतात. खरी अडचण उन्हाळ्याची. पावसाळ्यात दुथडी वाहणारी घटप्रभा फाल्गुन-चैत्रात रोडावते. धबधब्याच्या वरच्या बाजूला धुपदाळ येथे बंधारा आहे. त्याच्यामागे साठणारे पाणी शेतीच्या कालव्यालाही लागते, त्यामुळे गिरणी आणि शेत यांची गरज एकाच नदीवर येऊन पडली.

भारतात पहिल्यांदा जलविद्युत १८८७ मध्ये गोकाकला तयार झाली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हा मान देताना एक भेद जपायला हवा. पाण्याने यंत्र फिरवणे वेगळे आणि पाण्यापासून वीज करून ती वापरणे वेगळे. पहिले जलविद्युत केंद्र म्हणून सामान्यतः दार्जिलिंगजवळच्या सिद्रापाँगचे (१८९७) नाव घेतले जाते. कर्नाटकातील कावेरीवरचे शिवसमुद्रम केंद्र १९०२ चे, तर टाटांचे खोपोली केंद्र १९१५ चे. वादाचा निकाल काहीही लागो, जलशक्तीवर मोठी गिरणी चालवण्याच्या कामात गोकाक या सर्वांच्या आधीचे आहे आणि त्याचे हे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही.

गिरणीभोवती कामगारांची वसाहत वाढली. तिलाही ‘गोकाक फॉल्स’ हेच नाव मिळाले. दोन्ही काठ जोडणारा सुमारे २०० मी. लांबीचा झुलता पूल याच काळाची खूण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. पुढे वरच्या अंगाला हिडकल धरण झाले आणि नदीचे पाणी अडले. आता धबधबा भरून पाहायचा तर जुलै ते सप्टेंबर या काळातच जावे लागते.