ब्रिटनचे डोंगर बुटके, घाट मात्र खडे

ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॉटलंडचं बेन नेव्हिस. उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक तर ९७८ मीटरवरच थांबतं. या आकड्यांवर विसंबून कुणी सायकल घेऊन तिथल्या डोंगराळ भागात गेलं, तर पहिल्याच दिवशी मांड्या भरून येतात. स्कॅफेल पाइकच्या जवळच हार्डनॉट नावाची खिंड आहे. तिची उंची अवघी ३९३ मीटर, पण वरच्या वळणांवर रस्त्याचा चढ ३० टक्क्यांच्या आसपास आहे. शंभर मीटर पुढे जायचं तर तीस मीटर वर चढायचं. सायकलचं पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं राहावं म्हणून अंग हँडलवर झोकून द्यावं लागतं, आणि उभं राहून पायडल मारावं तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं.

आल्प्समधला आल्प द्युएझचा चढ जगप्रसिद्ध आहे. जवळजवळ चौदा किलोमीटर लांब, पण सरासरी चढ आठ टक्के. तिथल्या बहुतेक रस्त्यांची आखणी तोफा, गाड्या आणि माल चाकांवरून न्यायच्या हिशेबाने झाली. वळणं वाढवायची, पण चढ वाढू द्यायचा नाही. ब्रिटनमधल्या अनेक खिंडींच्या वाटा चाकांसाठी पाडलेल्याच नव्हत्या. तट्टू, गुरं आणि पायी चालणारी माणसं जिथून जात, तीच वाट पुढे रुंद झाली आणि तिच्यावर डांबर पडलं. घाटवाटांवरून बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य नेणारे वंजाऱ्यांचे तांडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बैल चढेल तिथे बैलगाडी चढतेच असं नाही. ब्रिटनमध्ये सायकलीसाठी निसर्गरम्य म्हणून ज्या जागा सांगितल्या जातात, त्यांचा इतिहास मला या एका प्रश्नातून नीट उलगडतो: रस्ता मुळात कोणासाठी केला होता?

हार्डनॉटच घ्या. इथली पहिली वाट रोमनांची. आजच्या अँबलसाइडजवळच्या ठाण्यापासून किनाऱ्यावरच्या रेव्हनग्लासपर्यंत त्यांनी सैन्यासाठी रस्ता नेला आणि खिंडीच्या पश्चिमेला एक किल्ला बांधला. सम्राट हेड्रियनच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला हा किल्ला. डाल्मेशियातून, आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीवरून आणलेली पलटण इथे तैनात होती. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि दम खायला थांबलेले सायकलस्वार त्यांच्यापाशी दिसतात. पायदळाला चढाची फार पर्वा नसते, रस्ता सरळ असला की भागतं.

रोमन गेल्यावर शतकानुशतकं इथून लादलेली तट्टं जात राहिली. एकोणिसाव्या शतकात लेक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे हार्डनॉटच्या या डोंगराळ परिसरात, पर्यटक येऊ लागले, तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन १८८० च्या दशकात हा रस्ता घोडागाड्यांसाठी सुधारून पाहिला, पण घातलेला पैसा वसूल झाला नाही. पुढे १९११ मध्ये सायकलस्वारांच्या क्लबने आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं की ही खिंड पश्चिमेकडे जाताना अवघड आणि पूर्वेकडे येताना क्रूर आहे. शंभर वर्षांहून जुना हा शेरा आजही शब्दशः लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धात इथे रणगाड्यांचा सराव झाला आणि रस्त्याची पार वाट लागली. युद्धानंतर हा रस्ता बंद करून पुन्हा तट्टांची वाट राहू द्यावी, अशी सूचना झाली होती. ती मान्य झाली असती तर आज तिथे डोंगरयात्री दिसले असते, सायकली नाहीत. पण दुरुस्ती झाली, डांबर पडलं, आणि मूळ वाटेचा चढ तेवढाच राहिला. १९९९ पासून होणारी फ्रेड व्हिटन चॅलेंज ही सुमारे १८० किलोमीटरची सायकलफेरी कर्कस्टोन, हॉनिस्टर, न्यूलँड्स, व्हिनलॅटर अशा खिंडी पार करून शेवटच्या टप्प्यात हार्डनॉट आणि रायनोजवर येते. पाय आधीच रिकामे झालेले असताना.

स्कॉटलंडची कथा निराळी. तिथल्या डोंगराळ भागात १७१५ मध्ये राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, आणि त्यानंतर जनरल जॉर्ज वेड यांना सैन्याच्या हालचालींसाठी रस्ते बांधायला धाडलं गेलं. १७२५ पासून बारा-तेरा वर्षांत त्यांनी सुमारे चारशे किलोमीटर रस्ते बांधून घेतले. त्यांच्या मागून विल्यम कॉलफील्ड यांनी त्याहून कितीतरी अधिक बांधले. त्यातल्या एका खिंडीच्या माथ्यावर सैनिकांनी दगड रोवून त्यावर कोरलं, ‘विसावा घ्या आणि कृतज्ञ राहा’. त्या खिंडीचं नावच पुढे ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ पडलं. लेक्ट नावाचा चढ, जो आज सायकलस्वारांना घाम फोडतो, त्याच्या पायथ्याजवळ हा रस्ता १७५४ मध्ये ३३व्या रेजिमेंटच्या पाच कंपन्यांनी बांधल्याचा दगड आहे. कुदळ-फावडं हातात घेतलेल्या शिपायांनी स्वतःची नोंद ठेवली, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि मग अभियंता थॉमस टेलफर्ड. आयर्लंडची संसद १८०१ पासून लंडनच्या संसदेत विलीन झाली. आयरिश खासदार आणि टपाल जलद पोचावं म्हणून लंडन ते होलिहेड (आयर्लंडच्या बोटी जिथून सुटत ते वेल्समधलं बंदर) या रस्त्याचं काम टेलफर्डकडे आलं. १८२६ मध्ये मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल खुला झाला आणि रस्ता पुरा झाला. हा वेल्समधल्या स्नोडोनियाच्या ऐन डोंगरातून जातो, तरी त्याचा चढ पाच टक्क्यांच्या आसपासच ठेवला आहे, कारण टपालगाडीचे घोडे दौडत राहायला हवे होते. नांट फ्रँकन या खोऱ्यातून आज सायकल चालवताना दोन्ही बाजूंना काळे कडे अंगावर येतात, पण पाय तक्रार करत नाहीत. डोंगराळ प्रदेशात सायकल चालवायची हौस आहे पण हार्डनॉटची छाती नाही, त्याने टेलफर्डचे रस्ते शोधावेत असं मी मनापासून सांगेन. आपल्याकडे बोरघाटातून चाकांचा रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, जवळपास त्याच काळात.

टपालगाड्यांचं राज्य फार टिकलं नाही. १८४० च्या दशकात रेल्वेचं जाळं पसरलं आणि लांबचे रस्ते ओस पडले. रस्त्याकाठच्या खानावळींना गिऱ्हाईक मिळेना. या रिकाम्या रस्त्यांवर १८७० च्या दशकात सायकलवाले आले. ऑगस्ट १८७८ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेट गावी स्टॅन्ली कॉटरेल यांच्या पुढाकाराने बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचं नाव सायकलिस्ट्स टूरिंग क्लब झालं. आज तीच संस्था सायकलिंग युके म्हणून ओळखली जाते. ज्या खानावळी सायकलस्वारांना रास्त दरात खाणंपिणं आणि खोली देत, त्यांच्या दारावर क्लब आपली लोखंडी तबकडी लावत असे. तबकडीवर पंख फुटलेलं चाक. जुन्या इमारतींच्या भिंतींवर अशा तबकड्या अजूनही दिसतात.

तेव्हाची सायकल म्हणजे पुढचं चाक दीड मीटर व्यासाचं आणि मागचं इवलंसं. पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरत राहणार. खडा उतार लागला की पाय हँडलवरून पुढे लोंबकळत सोडायचे, म्हणजे पडलोच तर निदान पायांवर पडू, हा त्यातला हिशेब. ब्रेक नावापुरता. कित्येक जण डोक्यावर आपटले. म्हणून १८८० च्या दशकात क्लबने आणि राष्ट्रीय सायकलस्वार संघाने घाटांच्या माथ्यावर पाट्या लावल्या: सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे. इंग्लंडच्या रस्त्यांवर चढ-उताराची सूचना देणाऱ्या पहिल्या पाट्यांपैकी या होत. मोटारगाडी अजून यायची होती.

पुढची वीस वर्षं झपाट्याची होती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर केला. १९०२ मध्ये नॉटिंगहॅममध्ये स्टर्मी-आर्चरने मागच्या चाकाच्या तुंब्यात बसणारे तीन गिअर बनवले, आणि त्याच वर्षी नॉटिंगहॅमशरचे रस्ते-अधिकारी एडगर हूली यांनी डांबर-खडीच्या मिश्रणाचं, म्हणजे टारमॅकचं पेटंट घेतलं. चढ चढायला गिअर आणि धूळ-चिखलाऐवजी गुळगुळीत रस्ता, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी एकाच टापूत निघाल्या.

मध्य इंग्लंडच्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टमध्ये कॅसलटन गावाजवळ एक जागा आहे जिथे हा सगळा इतिहास उघडा पडलेला दिसतो. गावाच्या पश्चिमेला विनॅट्स पास ही चुनखडीच्या कड्यांमधली अरुंद खिंड. जुनी वाट तिच्यातून जायची, चढ वीस टक्क्यांच्या वर. गाड्यांना तो झेपेना, म्हणून १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जकात वसूल करणाऱ्या रस्ते-कंपनीने शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या अंगावरून सौम्य चढाचा नवा रस्ता काढला. पण मॅम टॉर सतत ढासळणारा डोंगर, लोक त्याला थरथरता डोंगर म्हणतात. दीडशे वर्षं रस्ता खचत राहिला, दर वेळी वर डांबराचा नवा थर चढत राहिला. १९७९ मध्ये तो कायमचा बंद केला. आज तिथे चालत गेलं की डांबराचे तुकडे भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक दिसतात, मधली पांढरी रेघ अचानक दोन-अडीच मीटर खाली उतरते आणि भेगांमधून गवत वर आलेलं असतं. त्या कडेवर उभं राहून मी किती वेळ नुसता थर मोजत बसलो होतो. सौम्य रस्ता गेला, आणि वाहतूक पुन्हा जुन्या विनॅट्सच्या खड्या वाटेवर आली. २०२१ ची राष्ट्रीय चढ-स्पर्धा याच खिंडीत झाली.

चढ-स्पर्धा ही ब्रिटनची खास परंपरा. दक्षिण लंडनच्या कॅटफर्ड क्लबने १८८७ मध्ये केंट परगण्यातल्या वेस्टरहॅमच्या चढावर पहिली स्पर्धा घेतली. ती आजही होते, आता यॉर्क्स हिल नावाच्या झाडीतल्या बोळवजा रस्त्यावर, आणि अखंड परंपरा असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या सायकल स्पर्धांमध्ये तिची गणना होते. अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही. हंगाम शरद ऋतूचा, रस्त्यावर ओली पानं, आणि एका वेळी एकच स्पर्धक. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, पण तिथे अख्खा घोळका सोबत असतो. इथे माणूस एकटा असतो, समोर घड्याळ.

एकेकट्याने धावण्यामागेही कारण आहे. घोळक्याने शर्यती केल्या तर पोलीस आणि जनमत सायकलींना रस्त्यावरूनच हाकलून देईल, ही भीती १८९० च्या दशकात राष्ट्रीय संघाला वाटली, आणि त्याने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींना मनाई केली. मग पहाटे, गुपचूप, काळे कपडे घालून, मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेक जण सुटायचा. मार्गांना नावांऐवजी सांकेतिक अक्षरं असत, ती आजही वापरात आहेत. युरोपात फ्रान्स आणि इटलीच्या शर्यती आल्प्समधून धावत असताना ब्रिटन यात पन्नास वर्षं मागे राहिलं. हे दडपण मोडलं सायकलपटू पर्सी स्टॅलर्ड यांनी. ७ जून १९४२ रोजी, युद्धकाळात रस्ते रिकामे असताना, त्यांनी वेल्समधल्या लँगोलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत चाळीस स्वारांची शर्यत घेतली. पोलिसांनी विरोध करायचा सोडून मदत केली. संघाने मात्र त्यांना निलंबित केलं. त्यांनी वेगळी संघटना काढली, आणि १९५९ मध्ये दोन्ही गट एक होईपर्यंत भांडण चाललं. स्टॅलर्ड यांचा हट्ट बरोबर होता, यात मला शंका वाटत नाही.

५ जुलै २०१४ रोजी टूर द फ्रान्सची सुरुवात यॉर्कशरमधल्या लीड्समधून झाली. पहिल्या टप्प्यात स्वार बटरटब्स खिंडीतून गेले, ५२६ मीटर उंचीची. तिथे रस्त्याकडेला चुनखडीत खोल विवरं आहेत. हॉज गावच्या बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाच्या दिवसांत लोणी त्या गारव्यात उतरवून ठेवत, असं नावामागचं कारण सांगतात. त्या दिवशी चढाच्या दोन्ही बाजूंना इतकी गर्दी होती की रस्ता सायकलीच्या रुंदीएवढाच उरला होता. टप्पा संपला हॅरोगेटमध्ये, क्लबच्या स्थापनेनंतर १३६ वर्षांनी. २०१९ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही याच गावी झाली. बटरटब्स त्यातही होती, पण ऐन पुरुषांच्या शर्यतीच्या दिवशी पावसाने झोडपलं आणि ती मार्गातून वगळावी लागली.

सगळ्यात मोठा चढ मात्र यॉर्कशरमध्ये नाही. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ॲपलक्रॉस गावी जायला बेलाख ना बा ही वाट आहे. गेलिक भाषेत अर्थ, गुरांची खिंड. गुराखी आपले कळप याच वाटेने बाजाराला हाकत नेत. १८२२ मध्ये रस्ता झाला, आणि १९७० च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत गावात जायला हाच एक मार्ग होता. समुद्राच्या पातळीपासून नऊ किलोमीटरमध्ये तो ६२६ मीटरवर पोचतो आणि शेवटी कातळाला चिकटून नागमोडी वळणं घेतो, चढ वीस टक्के. पायथ्याशी मोठी पाटी आहे. नवशिक्या चालकांनी, फार मोठ्या वाहनांनी आणि मागे घर ओढणाऱ्या गाड्यांनी हा रस्ता टाळावा, असं तिच्यावर लिहिलं आहे. सायकलस्वारांचा उल्लेख तिच्यावर नाही.