दुखत नाई तं सांगू काऊन?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. धानाचं निंदण उरकत आलेलं आणि आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात तापाचे पेशंट ओळीनं बसलेले. पंचेचाळिशीची एक मावशी समोर आली.

"काय होऊन रायलं, मावशी?"

"बुखार हाय जी, सा दिवस झाले. डोकं फुटते. आंग असं ठणकते का बसवत नाई."

गावात दोन सुया मारून झाल्या होत्या, एक सलाईन लागलं होतं, कुणी तरी 'टायफॉइड निघाला' असंही सांगून टाकलं होतं. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह.

आपल्याकडे 'त्याला ताप झाला' असं म्हणतात तेव्हा ताप हेच रोगाचं नाव होऊन जातं. पण ताप हे शरीराचं उत्तर आहे, प्रश्न वेगळाच असतो. अंगाची उष्णता सांभाळणारं एक केंद्र मेंदूत आहे. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, ती या केंद्राला आपला आकडा वर न्यायला लावतात. अंग अजून 98 वर आणि केंद्र मागतंय 103, म्हणून आधी हुडहुडी भरते, गोधडी पुरत नाही आणि मग अंग तापतं. मलेरिया, डेंग्यू, न्यूमोनिया, टायफॉइड, सगळे याच वाटेनं ताप आणतात. आत काही तरी चाललंय एवढंच ताप सांगतो. काय चाललंय, ते शोधावं लागतं.

शोधायची पहिली पायरी म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं. पेशंटला जाणवतं आणि तो सांगतो, ते लक्षण. तपासणाऱ्याला डोळ्यानं दिसतं, हाताला लागतं, कानाला ऐकू येतं, ते चिन्ह. डोकं दुखणं हे लक्षण, वाढलेली पानथरी (प्लीहा) बोटांना लागणं हे चिन्ह. लक्षण मागितल्याशिवायही मिळतं. चिन्हाला मात्र आपण उठून शोधायला जावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं. माझ्याकडूनही राहिलेलं आहे. अशाच तापाच्या एका पोराचे मी फक्त हात आणि पोट बघितलं होतं. पुढे मोठ्या दवाखान्यात त्याच्या जांघेत जे सापडलं, ते माझ्याच टेबलावर सापडायला हवं होतं. तेव्हापासून पावसाळ्यातला ताप आला की मी पेशंटला पडद्याआड नेते.

मावशीच्या परकराच्या नाडीखाली, उजव्या कुशीला, तुरीच्या दाण्याएवढी काळी खपली होती. भोवती लालसर कडं. विडीचा चटका बसावा तशी.

"हे कधीपासून आहे?"

"असन आठ-धा दिवसांचं."

"मग सांगितलं का नाही?"

"दुखत नाई तं सांगू काऊन?"

तिचं बरोबरच होतं. ही खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून ती लक्षण होतच नाही. डॉक्टर तिला एस्कार म्हणतात आणि ती स्क्रब टायफसची खूण आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि पूर्व विदर्भात या रोगाची साथ आली, तेव्हा हे नाव इथल्या गावागावांत पोचलं. खपली प्रत्येकाला असतेच असं नाही, सावळ्या कातडीवर ती चटकन दिसतही नाही. पण दिसली तर रोगाचं नाव जवळजवळ हातात येतं.

नाव सापडलं की कारण. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जीवाणू माइट नावाच्या बारक्या किड्यात राहतो. गोचिडाशी याचं लांबचं नातं आहे, पण हा त्याहून कितीतरी लहान. माणसाला चावते ती त्याची अळी, जेमतेम 0.2 मिलिमीटरची, केशरी-लाल, सहा पायांची. गवताच्या पात्यावर ती उंदराची वाट बघत असते, मध्येच माणूस येतो. अंगावर चढून ती कपडा घट्ट बसतो तिथे थांबते: नाडी, काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू. रक्त पीत नाही, कातडीतल्या पेशी विरघळवून तो रस शोषते. हा जंतू माइटच्या मादीकडून अंड्यातून पिल्लांत उतरतो, त्यामुळे आजारी माणूस गावात नसतानाही रोग धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतात शाबूत राहतो.

चावल्याबरोबर ताप येत नाही. मध्ये 6 ते 21 दिवस जातात, बहुतेकांना 10 ते 12. याला अधिशयन काळ म्हणतात. म्हणून तापाच्या पेशंटला 'काल काय खाल्लं' हे विचारून फारसं हाती लागत नाही. मी मावशीला पंधरा-वीस दिवस मागे नेलं.

"पोळ्याच्या आगंमागं वावरात गेल्या होत्या का?"

"बैलाले गवत आनाले धुऱ्यावर गेलती ना जी. दोन-तीन दिवस."

कारण माहीत झालं तरी एक मोठा प्रश्न उरतो. चावा कुशीला, मग डोकं का दुखावं, दम का लागावा? कारणापासून त्रासापर्यंतची ही वाट म्हणजे रोगजनन. मला विचाराल तर रोगाच्या अभ्यासातला हाच सगळ्यात सुंदर भाग. रोग राहतो तो पेशीत, असं जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो या डॉक्टरनं 1858 मध्ये मांडलं. हा जंतू कोणत्या पेशीत शिरतो ते बघा: बारीक रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं, त्या अस्तराच्या पेशीत. बांधीचा धुरा खेकड्यांनी पोखरला की पाणी फुटून वाहत नाही, झिरपत राहतं. जंतूनं हे अस्तर पोखरलं की रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. फुप्फुसात झिरपलं की दम लागतो, मेंदूत सूज आली की माणूस बरळतो, मूत्रपिंडापर्यंत झळ पोचली की लघवी कमी होते. रक्तवाहिन्या सगळीकडे आहेत, म्हणून रोगही सगळीकडे दिसतो. प्लेटलेटही उतरतात, आणि घरचे डेंग्यू समजून बसतात.

ही वाट कळली की उपचारही कळतो. पेनिसिलिनच्या कुळातल्या सुया जंतूच्या भिंतीवर घाव घालतात. हा जंतू आपल्या पेशीच्या आत दडलेला, शिवाय त्याची भिंतही त्या औषधांना दाद देणारी नाही. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरून त्याचं प्रथिन बनवणं थांबवतं. वेळेवर दिलं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला त्याऐवजी अॅझिथ्रोमायसिन देतात. आणि सलाईन! आमच्याकडे सलाईन लागल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही, पण झिरपणाऱ्या वाहिन्यांत गरजेपेक्षा जास्त पाणी ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. रक्ततपासणीवरही सगळं सोडून चालत नाही. जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, दिसण्याजोगी वाढायला आठवडाभर लागू शकतो, तोवर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून खपली दिसल्यावर रिपोर्टची वाट बघायची नसते.

संसर्ग आणि रोग हेही एक नव्हेत, आणि हे विदर्भाइतकं कुठे शिकायला मिळावं? हत्तीरोगाचे जंत तपासायला आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर दारोदार येतात, कारण या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात. "आमाले काई नाई, मंग रक्त कायले?" म्हणत दार लावलं जातं. पण पाय अजिबात न सुजलेल्या माणसाच्या रक्तातही ती पिल्लं असतात आणि डास ती तिथून उचलतो. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झालाय, त्याच्या रक्तात बहुतेकदा ती सापडत नाहीत.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेलला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराला, तर जंतूच नाही. हिमोग्लोबिन या रक्तातल्या लाल प्रथिनाच्या बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल (साखळीची एक कडी) बदललेलं, एवढंच. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे अमेरिकेच्या लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञानं 1949 मध्ये दाखवलं. दोन्ही आईबापांकडून तो आला तर 'एसएस', आयुष्यभराचा आजार. एकाकडूनच आला तर 'एएस', आणि असा वाहक सहसा ठणठणीत असतो. उलट त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळे.

मावशीला गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी ती चालत आली, ताप उतरलेला. सोबत तिची जाऊ होती, डोळे लाल, अंगावर शाल.

"हिलेबी बुखार हाय जी, परवापासून," मावशी म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत तिनं जावेचा हात धरून तिला पडद्याकडे नेलं. "मी घरीच पायलं. काखेत हाय."