रावेरीची एकटी सीता

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी हे गाव आहे. तिथल्या जुन्या दगडी मंदिरात सीता एकटीच आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही. गावात सांगतात, की रामाने टाकल्यावर सीता या भागात आली आणि लव-कुश इथेच जन्मले. ओली बाळंतीण सीता पसाभर गव्हासाठी घरोघर फिरली, पण कोणी तिच्या पदरात दाणा घातला नाही. तेव्हा "या गावात गहू पिकणार नाही" असं ती बोलून गेली. संकरित बियाणं येईपर्यंत रावेरीत गहू होतच नसे, असंही गावकरी सांगतात. जवळच लव-कुशांनी बांधून घातलेल्या हनुमानाची मूर्ती आहे.

विदर्भातल्या बायांना ही सीता लवकर कळते. पसाभर धान्यासाठी दारोदार जाणं, गावाने तोंड फिरवणं आणि तरीही दोन लेकरं वाढवून मोठी करणं, हे सगळं त्यांच्या ओळखीचं आहे. 'टाकलेली' हा शब्द इथे रोजच्या बोलण्यातला. म्हणून देवी आणि बाईचं बळ यांचा संबंध शोधायचा, तर विदर्भात तो सिंहावर बसलेल्या अष्टभुजेपेक्षा या एकट्या सीतेपासून शोधावा, असं मला ठामपणे वाटतं.

मागे जावं तसतशा अशा एकट्या देवी भेटत जातात. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. कली कंकाली ही तिथली माता. तिची मुलं गुहेत कोंडली गेली आणि गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो याने त्यांना बाहेर काढलं, अशी कथा आहे. त्याच कथेत रायताड जंगो आहे. आईबापावेगळ्या लेकरांना ती सांभाळते आणि निराधार बायांच्या बाजूने उभी राहते. गोंडांमध्ये विधवेने पुन्हा घर करणं पूर्वीपासून रीतीत बसणारं. कुणबी आणि इतर शेतकरी जातींमध्येही 'पाट', म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावला जाई. पुढे वरच्या जातींसारखं वागण्यात मोठेपणा वाटू लागला, तसा अनेक घरांतून पाट मागे पडला आणि विधवेची वाट बंद झाली.

गावागावातली मातामाय मात्र कोणाच्याच बरोबरीने बसलेली नाही. शिवेपाशी कडूनिंबाखाली शेंदूर लावलेले दोन-चार दगड, एवढंच तिचं ठाणं. नवरा-नवरीला आधी तिच्या पाया पडायला नेतात. पूर्वी अंगावर देवीचे फोड उठले की 'माता आली' म्हणत, दाराला निंबाचा डहाळा बांधत आणि फोड उतरल्यावर मातामायला थंड बोणं, म्हणजे नैवेद्य, नेत. हे सगळं बायांच्या हातातलं काम. तिथे मंत्र सांगायला भटजी लागत नाही, पुरुष असलेच तर बाजूला बसतात.

माहूरचं ठाणं मोठं. माहूर नांदेड जिल्ह्यात मोडतं, पण पैनगंगेच्या अलीकडच्या यवतमाळ-वाशीमकडच्या कितीतरी घरांची रेणुका हीच कुलदेवी. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आपल्या आईचं, रेणुकेचं, डोकं उडवलं. माहूरला पूजा होते ती देवीच्या मुखाची, धडाशिवायच्या तांदळ्याची. नवऱ्याच्या संशयावरून पोटच्या मुलाने मारलेली ही बाई, आणि तिच्याच नावाने बाया परडी घेऊन जोगवा मागत गावभर फिरतात. देवीचं वारं अंगात आलं, की एरवी सासूसमोर मान वर न करणारी सून मोठ्याने बोलते आणि घर ऐकून घेतं. त्या ऐकून घेण्याची किंमत मी कमी करणार नाही. पण वारं उतरल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याचं काम आणि मार कमी होत नाही, हेही खरं आहे. गावच्या बाईला देवीकडून खरं मिळालं ते वेगळंच: उंबरठ्याबाहेर पडायला कारण.

त्याची जुनी साक्ष रुक्मिणीच्या कथेत आहे. वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. रुक्मिणीची पालखी आजही तिथून पंढरपूरला जाते. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीने कृष्णाला पाठवलेला निरोप सात श्लोकांचा आहे. भावाने ठरवलेला शिशुपाल तिला नको होता. त्या निरोपात तिने आपल्या सुटकेचा बेतही सांगितला: लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला नेण्याची आमच्या कुळाची रीत आहे, तिथून मला घेऊन जा. राजवाड्यातल्या मुलीला बाहेर पडायची मुभा एकाच कारणासाठी होती, देवीच्या दर्शनासाठी. ते मंदिर म्हणजे आपली अंबादेवी, अशी अमरावतीकरांची श्रद्धा आहे. भादवाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई मांडून मुली रात्री गाणी म्हणत फिरतात, त्यातही हीच मुभा आहे. कारल्याचा वेल लावल्याशिवाय सुनेला माहेरी न पाठवणाऱ्या सासूचं गाणं त्या मुली लग्नाआधीच शिकून घेतात.

मग रुक्मिणीच्या लग्नाचं गाणं रचलं कोणी? तेराव्या शतकात, याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महदाइसेने. तिचे 'धवळे' कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचेच आहेत आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. ती विधवा होती. लग्नाच्या मांडवात जिला मागे उभं करायचं, तिने महानुभावांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यासमोर विवाहाची गाणी रचून म्हटली. महानुभाव पंथाने देवी-देवतांची उपासना बाजूला ठेवली होती, त्यामुळे तिचं बळ देवीच्या पूजेतून आलं असं म्हणणं खोटं होईल. ते आलं पंथ स्थापन करणाऱ्या चक्रधरांनी स्त्रियांना दिलेल्या बरोबरीच्या जागेतून. पाळीच्या विटाळालाही त्यांनी महत्त्व दिलं नाही, शरीरातून इतर मळ जातो तसाच तो मानला.

विदर्भाच्या राजकारणातली मोठी नावंही विधवांचीच आहेत. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. नवरा दुसरा रुद्रसेन याच्या मृत्यूनंतर गुप्त सम्राट चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने लहान मुलाच्या नावाने इथून सुमारे तेरा वर्षं कारभार पाहिला. तिच्या ताम्रपटात आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ येते आणि गोत्रही ती वडिलांचंच, धारण, सांगते. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा बीरशाह मारला गेला, तेव्हा राणी हिराईने दत्तक रामशाहाच्या नावाने राज्य चालवलं. चंद्रपूरचं महाकालीचं मंदिर तिने बांधलं असं मानतात. चैत्रात तिथे यात्रा भरते, मराठवाड्यातूनही माणसं पायी येतात.

एवढं असून देवीच्या दारात कुंकवाची रेघ ओढली गेलीच. विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या करायच्या, आंबील आणि सोळा भाज्या करायच्या, हे सगळं घरातली विधवा पहाटेपासून राबून करते आणि सवाष्णीच्या पंगतीला मात्र ती चुलीपाशी थांबते. हळदी-कुंकवाला तिला बोलावत नाहीत, तिची ओटी भरत नाहीत. ज्याच्या देवी इतक्या एकट्या, त्या मुलखात एकट्या बाईलाच देवीसमोर यायला बंदी. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

ही रेघ पुसायचा मोठा प्रयत्न शेतकरी चळवळीतून झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला, रेणुकेच्याच गावी, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. विदर्भातून बाया गाड्या भरून गेल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं ऋण फेडायचं म्हणून नवऱ्याने थोडी तरी जमीन तिच्या नावावर करायची, आणि ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. बाईला लक्ष्मी म्हणून ओवाळण्याऐवजी सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायचं, हा देवीच्या भाषेचा मी पाहिलेला सगळ्यात नेमका वापर आहे. १९९२ मध्ये राज्य शासनानेही लक्ष्मीमुक्ती नावानेच परिपत्रक काढलं आणि नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली. रावेरीच्या पडझड झालेल्या सीतामंदिराचा जीर्णोद्धारही जोशींच्याच पुढाकाराने झाला. टाकलेल्या, एकट्याने संसार उभा केलेल्या बायांचं ते मंदिर व्हावं, ही त्यामागची कल्पना. तिथे अशा बायांचा सन्मानही होऊ लागला.

त्या सगळ्याची किती गरज होती, हे पुढच्या वर्षांनी दाखवलं. कापसाच्या पट्ट्यात कर्जापायी शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या आणि तरुण विधवांची घरं गावोगाव दिसू लागली. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पात्र ठरायला कुटुंबाच्या नावे शेती लागे, आणि कर्ज फेडता न आल्याचा पुरावा. निंदण, वेचणी, बियाणं टोवणं यात आयुष्य गेलेली बाई कागदावर शेतकरीच नसे. जमीन बहुतेक सासऱ्याच्या नावे. फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे, तर "नवरा जाऊन वर्ष नाही झालं अन् फिरते कशी" हे ऐकून घ्यायचं. म्हणजे बाहेर पडायच्या कारणाचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मात्र ग्रामसभेत हात वर करणं वेगळं आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी शेजारच्या विधवेला पाटावर बसवून तिची ओटी भरणं वेगळं. ठरावाला सरपंच पुरतो. ओटी भरायला त्या घरातली सगळ्यात मोठी बाई तयार व्हावी लागते. विधवांचं हळदी-कुंकू जिथे जिथे झालं, तिथे पहिली ओटी भरायला कोण उठणार यावरच सगळं अडून राहिलं होतं. आता बचत गटाच्या बैठकांमध्ये हा विषय निघतो, आणि त्याला लागूनच दुसराही निघतो: सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज कसा लिहायचा, सोबत कोणते कागद जोडायचे आणि तलाठ्याकडे जाताना बरोबर कोण येणार.