थायलंडचा 'झिको' : उदोन थानी ते प्लेकू

थाई फुटबॉलपटू कियातिसाक सेनामुआंग हे नाव वाचताना मराठी जीभ जरा अडखळते. पण थाई लिपीतले तुकडे सुटे केले की ते ओळखीचं निघतं. पहिल्या नावात कीर्ती आहे आणि शक्ती आहे. आडनावातली सेना ही आपलीच सेना, आणि मुआंग म्हणजे नगर. थायलंडमध्ये मात्र एवढं लांब नाव कोण घेतं? तिथे तो 'झिको', ब्राझीलच्या झिको या फुटबॉलपटूवरून पडलेलं नाव.

जन्म ११ ऑगस्ट १९७३, ईशान्य थायलंडमधलं उदोन थानी. तो मोठा झाला त्या काळात तिथलं फुटबॉल बँका, पोलीस आणि हवाई दलाच्या संघांवर चालायचं. राष्ट्रीय लीग सुरू झाली तीच मुळी १९९६ मध्ये. त्याआधी पियापोंग पुए-ऑनने वाट दाखवली होती. हवाई दलाच्या संघातला हा स्ट्रायकर दक्षिण कोरियात लकी-गोल्डस्टारकडून खेळला आणि १९८५ मध्ये १२ गोल करून तिथल्या लीगमध्ये अव्वल ठरला. झिको त्याच परंपरेतला. तोही आधी बँकेच्या, मग पोलिसांच्या संघातून खेळला.

१९९६ मध्ये सिंगापूरला पहिला टायगर चषक, म्हणजे आग्नेय आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, झाली. अंतिम सामन्यात मलेशियाविरुद्धचा एकमेव गोल झिकोचा. पण थाई चाहत्यांच्या मनात जास्त घर करून आहे तो डिसेंबर १९९८ मधला बँकॉकचा सामना. आशियाई क्रीडा स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरी, समोर दक्षिण कोरिया. ८१व्या मिनिटाला झिकोने गोल केला आणि पाचच मिनिटांत कोरियाने पेनल्टीवर बरोबरी साधली. थायलंडच्या दोघांना लाल कार्ड मिळालं होतं. अशा नऊ जणांच्या संघाने जादा वेळेत थवातचाई दामरोंग-ओंगत्राकुनच्या फ्री किकवर गोल्डन गोल मारला आणि, जादा वेळेतला पहिला गोल निर्णायक या तेव्हाच्या नियमाने, सामना तिथेच संपला. पुढच्या दोन्ही लढती हरून संघ चौथा आला, हे आज फारसं कुणी काढत नाही.

त्यानंतर १९९९ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्ड टाउनने त्याला करारबद्ध केलं. थायलंडमध्ये केवढा आनंद! पण मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता तो परतला. ही गोष्ट नेहमी अपयश म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं पान नंतर उलगडलं, आणि तेही युरोपात नाही, तर शेजारी.

२००२ मध्ये तो व्हिएतनामच्या डोंगराळ भागातल्या प्लेकू गावी, होआंग आन्ह जिया लाय या क्लबकडे गेला. मालक दोआन न्गुयेन दुक लाकडी फर्निचरच्या धंद्यातून वर आलेले आणि संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत. ज्याच्या गोलांनी व्हिएतनामला वर्षानुवर्षं रडवलं, त्यालाच आणायचं धाडस या क्लबने केलं. संघ वर चढला आणि २००३ व २००४ अशी सलग दोन विजेतेपदं जिंकला. गोल झाला की झिको कोलांटी उडी मारायचा आणि आता त्या उडीला व्हिएतनामी प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. आग्नेय आशियातला खेळाडू आग्नेय आशियातच परदेशी स्टार होऊ शकतो, हे त्याच्याइतकं ठळकपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

राष्ट्रीय संघाकडून १३४ सामने, ७१ गोल. मग प्रशिक्षकपद. २०१४ मध्ये आग्नेय आशियाई अजिंक्यपदाची अंतिम लढत, पुन्हा मलेशिया. घरच्या २-० विजयानंतर क्वालालंपूरमध्ये थायलंड ०-३ ने मागे पडला. शेवटच्या दहा मिनिटांत चारिल चापुई आणि चनाथिपने गोल केले आणि दोन्ही सामने मिळून ४-३ ने चषक आला. हीच स्पर्धा त्याने खेळाडू म्हणूनही जिंकली होती, आणि दोन्ही नात्यांनी ती जिंकणारा तो पहिलाच. २०१६ मध्ये तो चषक राखला, २०१७ मध्ये जपानकडून ०-४ हरल्यावर पद सोडलं.

२०२१ मध्ये तो प्लेकूला प्रशिक्षक म्हणून परतला. २००४ नंतर क्लबला विजेतेपद मिळालेलंच नव्हतं. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा संघ गुणतक्त्यात पहिला होता. तेवढ्यात कोविडमुळे हंगाम रद्द झाला आणि चषक कुणालाच दिला गेला नाही.