मांडीवरचं वजन

माझ्या भाचीला जानेवारीत मुलगी झाली. चौथ्या दिवशी म्हापशाच्या इस्पितळातून डिचोलीमार्गे साखळीला घरी जायचं होतं. भाचीच्या नवऱ्याने बाळासाठी कार सीट आधीच मागवून ठेवली होती. ती पाहून माझी ताई, म्हणजे बाळाची आजी, एकदम कळवळली. "एवढ्याशा जिवाला पट्ट्यांनी आवळून नेणार? माझ्या हातातून आजवर एक पोर पडलं नाही." ते खरंच होतं. तिच्या मांडीवर आमच्या घरातली निदान आठ मुलं वाढली आहेत. सीट डिकीत गेली, बाळ मांडीवर आलं आणि आम्ही सुखरूप घरी पोचलो. मी वाटभर काही बोलले नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर काहीतरी आडवं आलं, गाडी आदळली, बॉनेट चेपलं आणि साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात गाडी थांबली. याला सेकंदाचा चौदावा भाग पुरतो. तेवढ्यात बाळाचाही वेग शून्यावर यायला हवा, आणि त्यासाठी त्याला धरून ठेवायला लागणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट असतो. तीन किलोचं तान्हं बाळ साठ किलोचं होतं. दहा किलोचं वर्षाचं मूल दोनशे किलोचं होतं, म्हणजे तांदळाची पन्नास किलोची चार पोती. ती एका क्षणात हातांतून पुढे खेचली जातात आणि हात आवळण्याआधीच सगळं संपलेलं असतं. आईने किंवा आजीने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचं पूर्ण वजनही मागून बाळावर येतं. हीच धडक उंचीत मोजली तर ती जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बाळाला कठड्याबाहेर धरून कोणी उभं राहणार नाही. तशाच उंचीवर आपण त्याला रोज मांडीवर घेऊन फिरतो.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा भाग असतं आणि मानेचे मणके अजून कोवळे असतात. तोंड पुढे करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्याने अडतं, पण ते जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणून तान्ह्यांची सीट उलटी, मागे तोंड करून लावतात. मग धडकेचा जोर पाठ, मान आणि डोकं यांच्यावर एकसारखा पसरतो. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर जोर झेलत बसतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि 1964 मध्ये त्यांनी मुलांसाठी तशी पहिली सीट करून पाहिली. फक्त एक पथ्य कडक पाळायचं: समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ही उलटी सीट कधीच लावायची नाही. फुगणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

ताईसारख्या आज्या जगभर आहेत, कायदे करणाऱ्यांच्या सभागृहांतसुद्धा. मुलांसाठी सीट सक्तीची करणारा अमेरिकेतला पहिला कायदा टेनेसी राज्यात 1978 मध्ये लागू झाला. त्यामागे रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. कायदा मंजूर होताना त्यात एक पळवाट घातली गेली: मोठ्या माणसाने कडेवर किंवा मांडीवर घेतलेलं मूल चालेल. सँडर्स त्या कलमाविरुद्ध लढत राहिले आणि 1981 मध्ये ते काढून टाकलं गेलं. 1985 पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

पण सीटचा उपयोग होतो हे मोजायचं कसं? मला सगळ्यात रस वाटतो तो या प्रश्नात. पोलिसांकडे आणि इस्पितळात नोंद होते ती जखमी झालेल्यांची. जे मूल धडकेनंतर रडून गप्प झालं आणि घरी गेलं, त्याची नोंद कुठेच नसते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी जीवघेण्या अपघातांची आकडेवारी तपासली. दोन वर्षांवरच्या मुलांचा मृत्यू टाळण्यात साधा पट्टाही सीटच्या जवळपास तेवढाच चांगला ठरतो, असं त्यांना दिसलं. ते आकडे खोटे नव्हते, पण त्या यादीत फक्त कोणीतरी दगावलेले अपघात होते.

विम्याच्या दाव्यांची यादी वेगळी असते. बंपर चेपला तरी माणूस कंपनीला कळवतो, कारण त्याला पैसे हवे असतात. म्हणून मूल गाडीत होतं आणि त्याला काहीच झालं नाही, असे अपघातही त्यात येतात. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयाने स्टेट फार्म या विमा कंपनीबरोबर नेमकी हीच यादी वापरली. विमेदाराच्या संमतीने दाव्याची माहिती घ्यायची आणि मग पालकांना फोन करून विचारायचं: मूल कुठे बसलं होतं, कशात बसलं होतं, कुठे लागलं? चार ते सात वर्षांच्या चार हजारांहून जास्त मुलांची अशी माहिती 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. बूस्टर सीटवर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाखाली ठेवायच्या उंच बैठकीवर, बसलेल्या मुलांना इजा होण्याची शक्यता नुसत्या पट्ट्यातल्या मुलांपेक्षा 59 टक्क्यांनी कमी होती. आणि बूस्टरवरच्या मुलांमध्ये पोटाची एकही इजा नव्हती.

पोट का, तर सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेचं हाड पट्टा अडकवून धरण्याइतकं वाढलेलं नसतं. मोठ्यांसाठी केलेला पट्टा सरकून मऊ पोटावर येतो आणि धडकेत आतडी, यकृत, कधी मणकाही दुखावतो. वरचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून मूल तो काखेखाली घेतं, मग तोही निकामी. बूस्टर मुलाला फक्त उंच करतो, पण तेवढ्याने पट्टा मांडीच्या वर हाडावर आणि खांद्याच्या मधोमध बसतो.

पुढे अमेरिकेतल्या काही राज्यांनी मुलांच्या सीटचा कायदा मोठ्या मुलांपर्यंत वाढवला, तेव्हा कायद्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले गेले. सगळ्या प्रकारच्या इजा सुमारे 5 टक्क्यांनीच घटल्या होत्या, पण जीवघेण्या आणि लुळं करणाऱ्या इजा 17 टक्क्यांनी. खरचटणं राहिलं आणि आयुष्यभराचं अपंगत्व कमी झालं. मला हा फरक फार मोठा वाटतो, कारण लहान मुलाच्या मेंदूला मार लागला की भरपाईत किती वर्षांचा खर्च धरावा लागतो हे आपल्याकडेही दिसलं आहे. आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकची धडक बसलेल्या 12 वर्षांच्या मुलीला 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 62 लाखांहून अधिक भरपाई दिली. तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाइतकी उरली होती. तिथे सीटचा प्रश्न नव्हता, पण त्या रकमेत जन्मभर सोबत लागणाऱ्या दोन मदतनिसांचा पगार धरलेला आहे. तेवढ्यावरून कल्पना यावी.

मग मुलाला सीटमध्ये बसवलं नाही म्हणून त्याची भरपाई कापायची का? इंग्लंडमध्ये हा प्रश्न आला होता. तिथे 1975 पासून मोठ्या माणसाने पट्टा लावला नसेल तर भरपाई 15 किंवा 25 टक्क्यांनी कमी होते. पण एका खटल्यात तीन वर्षांचीही न झालेली मुलगी पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होती. न्यायालयाने मुलीचा एक पैसाही कापला नाही. भरपाईचा 25 टक्के वाटा मात्र आईने आणि गाडी चालवणाऱ्या मावशीने उचलायचा, असं ठरवलं. मुलीचा दोष नव्हता, तिला मांडीवर घेणाऱ्यांचा होता. हा न्याय मला पटतो, आणि मावशी म्हणून तो मला बोचतोही.

आपला कायदा थोडक्यात असा. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194 ब हे कलम आलं. 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला 1000 रुपये दंड. विम्याचंही घरी एकदा तपासून घ्या. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीत बसलेल्या माणसांची जबाबदारी साधारणपणे कंपनीवर येत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते.

गोव्यात हा विषय बाकी देशापेक्षा जास्त निकडीचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इथल्या सुमारे 45 टक्के घरांत चारचाकी होती, तर देशात ते प्रमाण 8 टक्क्यांच्याही आत होतं. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, पातोळ्यांचे डबे आणि तीन पिढ्या एकाच गाडीत कोंबून आपण गावी जातो, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी मांडीवर जातं ते सगळ्यात लहान मूल. स्कूटरचीही तीच गत. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा पट्टा, मुलाला हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा हा नियम 2023 पासून लागू आहे. फेरीच्या धक्क्यावर रांगेत उभं राहून बघा, असा पट्टा लावलेलं मूल दिसतं का.

गेल्या महिन्यात बाळाला डोस द्यायला न्यायचं होतं. या वेळी मी आधी जाऊन सीट डिकीतून काढली, मागे उलटी लावली आणि बुडाशी धरून हलवून पाहिली. बोटभराहून जास्त सरकता कामा नये. बाळाला बसवल्यावर ताई जवळ आली. मी तिला सांगितलं, खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघ, घडी पडली तर तो सैल आहे. तिने चिमटीत धरला. घडी पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, पट्टा आणखी थोडा ओढला आणि पुन्हा चिमटीत धरून पाहिला.