‘हुशार आहेस’ म्हटल्याने मूल पुढे जातं?

‘किती हुशार आहेस गं!’ असं म्हणत राहिलं की मुलांचा आत्मविश्वास वाढतो, हा समज घरोघरी पक्का आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या अमेरिकेतल्या प्रयोगांत (१९९८) उलटंच दिसलं. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवली. काहींच्या हुशारीचं कौतुक झालं, काहींच्या मेहनतीचं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच अडले. पुन्हा पहिल्याइतकीच सोपी-अवघड कोडी आली, तर ‘हुशार’ ठरलेल्यांचे गुण आधीपेक्षा घसरले, मेहनतीचं कौतुक झालेल्यांचे वाढले. वाईट याचं वाटतं की बऱ्याच ‘हुशार’ मुलांनी आपले गुण वाढवून सांगितले. एवढ्याशा वयात केवढं ते दडपण!

नुसतं ‘मेहनत कर’ म्हणूनही भागत नाही. वजाबाकीत हातचा कुठे चुकला, हे शेजारी बसून दाखवावं लागतं.